डबाबंद अन्न घरात कसे वापरावे: दुकानातल्या निवडीपासून रिकाम्या डब्यापर्यंत

डबाबंद अन्नाविषयी आपल्या घरांत परस्परविरोधी अशा दोन समजुती एकाच वेळी नांदतात. डब्यातले अन्न इतके महिने टिकते म्हणजे त्यात काहीतरी औषध घातलेले असणार, ही पहिली. आणि डब्यातले अन्न बिघडतच नाही, तेव्हा अर्धा उरलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्या एकाच गैरसमजातून निघालेल्या आहेत. डबाबंद अन्न टिकते ते दोन गोष्टींमुळे: बंद डब्यात दिलेली पुरेशी उष्णता आणि त्यानंतर बाहेरचे काहीही आत शिरू न देणारा पक्का जोड. हा जोड शाबूत असेपर्यंत अन्न महिनोन्‌महिने सुरक्षित राहते. डबा उघडला, की आतल्या अन्नाची पत घरी शिजवून ठेवलेल्या भाजीइतकीच उरते. खरेदी, साठवण, उघडणे आणि उरलेले ठेवणे या प्रत्येक टप्प्यावरचे नियम या एका गोष्टीतून निघतात, म्हणून आधी ती नीट समजून घेणे सोयीचे ठरेल.

अन्न डब्यात टिकते कसे

मे महिना सरत आला, की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदारांच्या बोलण्यात 'कॅनिंगचा दर' हा विषय हटकून येतो. पेटीत भरून बाजारात पाठवण्याजोगा नसलेला, आकाराने लहान किंवा सालीवर डाग पडलेला, पण आतून चांगला असा हापूस किलोच्या भावाने कॅनिंग कारखान्यात जातो. तेथे आंबा पिकवून, धुऊन, साल आणि कोय वेगळी करून त्याचा गर यंत्रातून गाळतात, तापवतात आणि गरम असतानाच डब्यात भरून यंत्राने झाकण बसवतात. त्यानंतर बंद डबे उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवून लगेच थंड केले जातात. आंब्यासारख्या आंबट फळांना एवढी उष्णता पुरते, कारण अन्नाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) ४.६ पेक्षा कमी असेल तर सर्वांत घातक जिवाणू त्यात वाढू शकत नाही. टोमॅटो या सीमारेषेच्या अगदी जवळ असतो, म्हणून त्याच्या डब्यात बहुधा थोडे सायट्रिक आम्ल घातलेले आढळते. ते चवीपेक्षा सुरक्षिततेसाठी असते.

मका, मटार, छोले, राजमा, मशरूम, नारळाचे दूध, मासे आणि मांस हे पदार्थ मात्र आंबट नसतात. त्यांत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे तग धरू शकतात आणि ही बीजे उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. हवा नसलेली जागा या जिवाणूला मानवते, आणि बंद डबा ही नेमकी तशीच जागा असते. म्हणून असे डबे रिटॉर्ट नावाच्या मोठ्या दाबपात्रात सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जातात. डब्याच्या मध्यभागी ते तापमान किमान तीन मिनिटे टिकेल, असा हिशेब त्यात असतो. हे घडल्यावर परिरक्षक घालण्याची गरजच उरत नाही. छोल्यांच्या डब्यावरची घटकांची यादी वाचली, तर छोले, पाणी, मीठ आणि फार तर रंग टिकवणारा एखादा पदार्थ, एवढेच तेथे दिसते.

ही पद्धत शोधून काढली ती निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने. फ्रेंच सरकारने जाहीर केलेले १२,००० फ्रँकचे बक्षीस त्याला मिळाले आणि १८१० मध्ये त्याने आपली कृती प्रसिद्ध केली. तो काचेच्या बाटल्या वापरत असे. पत्र्याच्या डब्याचे पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घेतले गेले. बाटलीतले अन्न का टिकते, हे अपेरला ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा पाश्चरच्या प्रयोगांनंतर झाला.

आता जोडाविषयी. डब्याची वरची कड आणि झाकणाची कड एकमेकींत दोनदा दुमडून दाबलेली असते आणि मध्ये रबरासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. डबा थंड होताना आत निर्वात तयार होतो, म्हणजे त्या जोडातून बारीकशी फट राहिली तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात चारशेहून अधिक लोकांना विषमज्वर झाला. त्याचे मूळ अर्जेंटिनातून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यापर्यंत पोहोचले, कारण तो डबा कारखान्यात नदीच्या अशुद्ध पाण्याने थंड केला गेला होता. आतले मांस व्यवस्थित शिजलेले होते. दगा दिला तो जोडाने. डबा निवडताना नजर चित्राआधी कडेवर का जायला हवी, हे या घटनेवरून कळते.

दुकानात डबा हातात घेतल्यावर

डबा हातात फिरवून प्रथम वरची आणि खालची कड पाहावी, मग अंगावरचा उभा जोड पाहावा. पोच आला असेल तर तो कोठे आहे, याला महत्त्व आहे. डब्याच्या मधल्या भागावर आलेला उथळ, गुळगुळीत पोच सहसा निरुपद्रवी असतो. पोच कडेवर किंवा उभ्या जोडावर असेल, त्याला टोकदार घडी पडली असेल, किंवा बोटाचे पेर आत बसेल इतका तो खोल असेल, तर डबा घेऊ नये. सवलतीच्या टोपलीत पोचे आलेले डबे हमखास असतात आणि तेथेच अधिक काळजी घ्यावी लागते.

त्यानंतर झाकण आणि बूड अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. दोन्ही बाजू सपाट किंवा किंचित आत गेलेल्या असल्या पाहिजेत. एक बाजू दाबल्यावर दुसरी टिक् करून वर येत असेल, किंवा झाकण फुगीर असेल, तर आत वायू तयार झाला आहे, असे समजावे. हा वायू कधी जिवाणूंमुळे तयार होतो, तर कधी आंबट पदार्थाची पत्र्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण झाल्यामुळे. बाहेरून हा फरक ओळखण्याचा घरगुती उपाय नाही, म्हणून फुगलेला प्रत्येक डबा धोकादायक मानावा. डबा फुगला नाही म्हणजे तो चांगलाच, असे उलटे अनुमानही काढू नये. काही जिवाणू वायू न सोडता अन्न आंबवतात.

गंजाचे तारतम्य सोपे आहे. कोरड्या फडक्याने पुसला जाणारा वरवरचा गंज चालतो. नखाने खरवडल्यावर पापुद्रे निघत असतील, किंवा गंज कडेच्या घडीत शिरला असेल, तर पत्र्याला सूक्ष्म छिद्र पडलेले असू शकते. वेष्टणाचा कागद चिकट झाला असेल किंवा त्यावर वाळलेला ओघळ असेल, तर डबा गळत होता हे उघड आहे. शेजारचा डबा फुटून त्याचा रस लागला असेल, असे समाधान करून घेऊ नये.

वेष्टणावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, निर्मितीची तारीख आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचे नाव आणि हा क्रमांक असलेली पट्टी चिकटवलेली असते. ती नसेल, तर तो माल अधिकृत तपासणीतून आला आहे की नाही, हे सांगता येत नाही आणि तक्रार कोणाकडे करायची, हाही प्रश्न उरतो. किंमत पडताळताना निव्वळ वजनापेक्षा निथळलेले वजन पाहावे. परदेशात सर्रास मिळणाऱ्या ४०० ग्रॅमच्या छोल्यांच्या डब्यात पाणी काढल्यावर सुमारे २४० ग्रॅम छोले उरतात, आणि तेवढे छोले साधारण १०० ग्रॅम कोरड्या छोल्यांपासून होतात. हा हिशेब केल्यावर लक्षात येते, की आपल्याकडे कडधान्याचा डबा घेणे ही सोय आहे, बचत नव्हे.

घरात ठेवताना

डबे कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत. गॅसच्या वरचे कपाट, गच्चीवरची खोली किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी या जागा टाळाव्यात. रिटॉर्टमधून वाचलेली काही उष्णताप्रेमी बीजे साध्या तापमानाला निद्रिस्त असतात, पण जास्त उष्णतेत ती जागी होऊन अन्न आंबवू शकतात. कोकणात आणि गोव्यात प्रश्न गंजाचा असतो: पावसाळ्यात भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवलेल्या डब्याच्या बुडाला दोन महिन्यांत गंज चढतो, म्हणून डबे फळीवर आणि भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत. नवा डबा मागे आणि जुना पुढे, ही शिस्तही पाळावी. टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ पत्र्याला हळूहळू झिजवतात, त्यामुळे त्यांची चव आणि रंग साधारण दीड वर्षापर्यंत उत्तम राहतो. छोले, मका, मासे यांचा दर्जा दोन ते पाच वर्षे टिकतो. अर्थात वेष्टणावरची तारीख याहून अलीकडची असेल, तर तीच पाळावी.

पुराचे पाणी घरात शिरलेल्यांसाठी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घरेच्या घरे चिखलाने भरली, तेव्हा स्वयंपाकघरातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा प्रश्न असंख्य कुटुंबांपुढे उभा राहिला. पुराच्या पाण्यात बुडालेल्या, पण पोचा, गंज किंवा गळती नसलेल्या अखंड पत्र्याच्या डब्यातले अन्न वाचवता येते. वेष्टण काढून त्यावरची माहिती आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने डब्यावर लिहावी, साबणाने चिखल पूर्ण काढावा आणि मग डबा पाण्यात बुडवून पाणी उकळू लागल्यावर दोन मिनिटे उकळावे. फिरकीच्या झाकणाच्या बरण्या आणि दाबून बसवलेल्या झाकणांचे डबे यांना हा उपाय लागू होत नाही; ते टाकून द्यावेत.

उघडताना

डब्याचे झाकण गोदामातल्या धुळीतून आणि उंदीर-झुरळांच्या वाटेवरून आलेले असते, म्हणून उघडण्यापूर्वी ते साबणाने धुऊन पुसावे. टिन कटरचे पातेही धुवावे; बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षे पुसून ड्रॉवरमध्ये परत जाते, आणि त्यावर साचलेला काळा थर पुढच्या प्रत्येक डब्यात उतरतो. भोक पडताच हलकासा फुस् आवाज होऊन हवा आत गेली, तर तो निर्वाताचा आवाज असतो आणि तो योग्यच आहे. उलट आतला द्रव जोराने बाहेर उडाला, फेस आला किंवा उग्र वास आला, तर तेथेच थांबावे. चव घेऊन खात्री करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

काही गोष्टी मात्र भीतिदायक दिसतात, पण तशा नसतात. मक्याच्या किंवा माशाच्या डब्यात आतल्या पत्र्यावर दिसणारे काळसर-जांभळट डाग हे अन्नातल्या गंधकाची धातूशी अभिक्रिया झाल्याने पडतात. ट्यूनात कधीकधी काचेसारखे स्फटिक सापडतात. ते बहुधा स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे असतात. शंका असल्यास स्फटिक गरम केलेल्या व्हिनेगरमध्ये टाकावा. क्षार काही मिनिटांत विरघळतो, काच विरघळत नाही. नारळाच्या दुधाच्या डब्यात वर घट्ट पांढरा थर आणि खाली पातळ पाणी दिसणे हेही थंडीत गोठलेल्या स्निग्धांशाचे लक्षण आहे.

डबा तसाच गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून अन्न गरम करू नये. आतल्या बाजूला लावलेला लेप थेट ज्योतीवर तापवण्यासाठी नसतो, आणि बंद डबा तापवल्यास तो फुटतो. कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा तासन्‌तास पाण्यात उकळून त्याचे कॅरॅमल करण्याची कृती अनेक ठिकाणी सांगितली जाते; पातेल्यातले पाणी आटले, तर तोच डबा उकळत्या पाकासह फुटतो. दूध पातेल्यात काढून मंद आचेवर ढवळत आटवले, तरी तोच पदार्थ होतो.

रोजच्या स्वयंपाकात

डब्यातले जवळजवळ सर्व पदार्थ आधीच शिजलेले असतात. हे विसरून त्यांना ताज्या पदार्थांसारखे वागवले, की त्यांचा लगदा होतो आणि दोष डब्याला जातो. छोले किंवा राजमा वापरताना ते चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुवावेत. यामुळे डब्याची विशिष्ट चव जातेच, शिवाय मिठाचे प्रमाण एक तृतीयांश ते चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होते, आणि रक्तदाब असलेल्यांसाठी हा फरक मोठा आहे. मग उसळ करताना क्रम बदलावा: फोडणी, कांदा, वाटण, गोडा मसाला आणि पाणी यांचा रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यावा आणि छोले शेवटी घालून आठ-दहा मिनिटेच मंद आचेवर ठेवावेत. कुकरची शिट्टी करण्याचे काहीच कारण नाही. राजम्याच्या बाबतीत डब्याचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. कच्च्या राजम्यातील एक प्रथिन नीट न उकळल्यास उलट्या-जुलाब घडवते, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात शिजवलेल्या राजम्याने असा त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. डब्यातला राजमा रिटॉर्टमधून गेलेला असल्याने तो धोका उरत नाही. मोड आलेल्या मटकीची मिसळ मात्र डब्यातून निघणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

परदेशातल्या मराठी घरांत नारळाच्या दुधाच्या डब्याला पर्याय नसतो, कारण तेथे चांगला ओला नारळ मिळणे नशिबाचा भाग असतो. डबा उघडण्यापूर्वी जोराने हलवावा. सोलकढीसाठी एक वाटी दुधात दीड ते दोन वाट्या पाणी घालून ते नेहमीच्या दुसऱ्या दुधाइतके पातळ करावे, मग आगळ, ठेचलेली लसूण-मिरची आणि कोथिंबीर घालावी. आगळात मीठ असतेच, तेव्हा वरून मीठ चव पाहूनच घालावे. अनेक डब्यांत दूध एकजीव राहावे म्हणून गवार गम घातलेला असतो, त्यामुळे सोलकढी थोडी गुळगुळीत लागते. तो नसलेला डबा मिळाला, तर चव घरच्या दुधाच्या बरीच जवळ जाते. माशाच्या आमटीत हे दूध शेवटी घालून फक्त एक मंद उकळी आणावी.

टोमॅटोचे डबे घेताना आख्खे टोमॅटो आणि फोडी यांत फरक करावा. फोडींचा आकार टिकावा म्हणून त्यांत कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते, त्यामुळे त्या कितीही शिजवल्या तरी रश्श्यात पूर्ण विरघळत नाहीत. पावभाजी किंवा टोमॅटोचे सार करायचे असेल, तर आख्खे सोललेले टोमॅटो घेऊन हातानेच कुस्करावेत.

आमरसाचा डबा हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि लाडका प्रकार. घरगुती वापरासाठी तो बहुधा ८५० ग्रॅमचा आणि केटरिंगसाठी ३.१ किलोचा असतो. तो घेताना दोन गोष्टी वाचाव्यात: आंब्याची जात आणि साखर घातली आहे की नाही. देशातला पुष्कळसा आंब्याचा गर आंध्रातील चित्तूर आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी या भागांत तोतापुरीपासून तयार होतो; नुसते 'मँगो पल्प' लिहिलेल्या डब्यात हापूस असेलच, असे नाही. डब्यातल्या रसाला शिजल्याचा किंचित वास असतो. चिमूटभर मीठ, वेलची आणि चमचाभर तूप घालून तो चांगला गार केला, तर तो वास मागे पडतो. आम्रखंडासाठी हा रस थेट चक्क्यात घातल्यास श्रीखंड सैल पडते. आधी जाड बुडाच्या पातेल्यात तो निम्म्यावर येईपर्यंत आटवावा, पूर्ण गार करावा आणि मगच मिसळावा. साखर घालण्यापूर्वी चव घ्यावी, कारण रसात ती आधीच असू शकते.

अननसाच्या बाबतीत डबा ताज्या फळावर सरस ठरतो, निदान दोन ठिकाणी तरी. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर असते, त्यामुळे ताज्या फोडी दह्यात किंवा दुधात घालून ठेवल्यास थोड्या वेळाने कडवटपणा येतो आणि जिलेटिनची जेली तर जमतच नाही. डब्यातल्या उष्णतेने हे विकर निष्क्रिय झालेले असते, म्हणून रायते, फ्रूट क्रीम आणि जेली यांसाठी डब्यातला अननस निर्धास्त वापरावा. शिऱ्यासाठी डब्यातला पाक पाण्याच्या जागी घ्यावा आणि तेवढ्या प्रमाणात साखर कमी करावी.

मशरूम आणि बेबी कॉर्न मिठाच्या पाण्यात असतात. ते धुऊन, पिळून आणि मोठ्या आचेवर परतून घेतले नाहीत, तर भाजीला पाणी सुटते. माशांत ट्यूना कटलेटसाठी सोयीचा आहे. सार्डिनचे काटे दाबाखाली मऊ झालेले असतात; ते काढू नयेत, कॅल्शियम त्यांतच असते. ताज्या तारलीच्या कालवणाची सर त्याला येणार नाही, हे मान्य करूनही पावाबरोबर, कांदा-लिंबू घालून तो मासा चांगला लागतो. गरोदर स्त्रियांनी ट्यूना मर्यादित खावा, आणि खायचाच तर अल्बाकोरपेक्षा स्किपजॅक जातीचा निवडावा, कारण त्यात पाऱ्याचे प्रमाण कमी असते.

कंडेन्स्ड मिल्क या सर्वांत वेगळे आहे. ते मुख्यतः साखरेमुळे टिकते. त्यात वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक साखर असते. नारळाच्या वड्या, कुल्फी किंवा झटपट बासुंदी करताना वेगळी साखर जवळजवळ लागत नाही. तान्ह्या बाळाला दुधाऐवजी ते पाण्यात कालवून देण्याची प्रथा काही ठिकाणी अजून दिसते. ती पूर्णपणे बंद व्हायला हवी, कारण त्यातून बाळाचे पोषण होत नाही आणि साखर मात्र भरमसाट पोटात जाते.

उरलेले अन्न

उघडलेल्या डब्यात अन्न ठेवू नये. ते लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढावे. अननसासारख्या फिक्या फळांचे डबे अनेकदा आतून लेप न लावलेले, साध्या कथिलाच्या मुलाम्याचे असतात. बंद डब्यात हेच कथिल फळाचा रंग टिकवते, पण हवा लागताच आंबट रसात ते झपाट्याने विरघळू लागते. डबाबंद अन्नात कथिलाची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनुसार किलोमागे २५० मिलिग्रॅम आहे; तिच्यापेक्षा जास्त कथिल पोटात गेल्यास मळमळ आणि पोटदुखी होऊ शकते. आतून लेप असलेल्या डब्यांबाबत वेगळी चर्चा आहे: काही लेपांत वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल ए या रसायनावर युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस बंदीचा निर्णय घेतला. ज्यांना ही चिंता वाटते त्यांनी आंबट पदार्थ काचेच्या बरणीतले घ्यावेत.

फ्रिजमध्ये छोले, मका, नारळाचे दूध आणि मासे तीन ते चार दिवस, तर टोमॅटो आणि फळे पाच ते सात दिवस ठेवता येतात. नारळाचे दूध आणि टोमॅटो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवल्यास लागेल तेवढेच काढता येते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडे अन्न दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या तापमानाला एक तासही पुष्कळ झाला.

बोट्युलिझम: दुर्मीळ, पण दुर्लक्ष नको

कारखान्यात तयार झालेल्या डब्यातून हा आजार होणे फार दुर्मीळ आहे, पण झाल्यास तो जीवघेणा ठरू शकतो. या विषाला रंग, वास किंवा चव असतेच असे नाही, आणि ते अत्यल्प प्रमाणातही घातक असते. बाधा झाल्यास बहुधा १२ ते ३६ तासांत, कधी त्याआधी तर कधी काही दिवसांनी, एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, तोंड कोरडे पडणे, जीभ अडखळणे, गिळताना त्रास होणे आणि मग हातापायांतली शक्ती जाणे, या क्रमाने लक्षणे दिसतात. ताप बहुधा नसतो आणि रुग्ण शुद्धीवर असतो. ही लक्षणे दिसताच घरगुती उपाय न करता रुग्णालयात जावे आणि डबाबंद किंवा घरी बरणीबंद केलेले अन्न खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण प्रतिविष जितक्या लवकर दिले जाते, तितका त्याचा उपयोग होतो.

संशयास्पद डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकावा. कुत्र्या-मांजरांना किंवा गुरांना घालू नये. द्रव सांडला असेल, तर हातमोजे घालून जागा ब्लीचने पुसावी. दुकानातून आणलेल्या डब्यातच दोष असेल आणि तो उघडलेला नसेल, तर तो बिलासह वेगळा ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तेथे पडताळणीसाठी तुकडीचा क्रमांक लागतो, म्हणून वेष्टण फाडू नये.

याच कारणासाठी भाजी, मटण, मासे किंवा शिजवलेली कडधान्ये घरी बरणीत बंद करून बाहेर टिकवण्याचा प्रयोग करू नये. आपल्या कुकरमध्येही १२० अंशांच्या आसपास तापमान येते, हे खरे. पण बरणीच्या मध्यभागी ते किती वेळ टिकले, हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि कुकर थंड होण्याचा वेगही कारखान्यातल्या हिशेबाशी जुळत नाही. सोललेली लसूण तेलात बुडवून महिनाभर बाहेर ठेवणे हाही तसाच धोका आहे. आंब्याचा मुरंबा, साखरांबा, कोकम सरबत आणि पुरेसे मीठ व आंबटपणा असलेली लोणची या आपल्या पद्धती वेगळ्या आहेत. त्या आम्ल, साखर आणि मीठ यांवर टिकतात. बाकीच्या पदार्थांसाठी फ्रीजर वापरावा.

रिकामा डबा

डब्याचे कापलेले झाकण ब्लेडइतके धारदार असते. ते पूर्ण वेगळे न करता थोडे जोडलेले ठेवून आत वाकवावे आणि डब्याचे तोंड चिमटीने दाबून बंद करावे, म्हणजे कचरा वेचणाऱ्याचा हात कापत नाही. ट्रेकला नेलेले डबेही याच रीतीने दाबून परत आणावेत. पोलादी पत्र्याचा डबा धुऊन भंगारवाल्याला दिल्यास तो वितळवून पुन्हा वापरला जातो. डब्यात तुळस लावायची असेल, तर बुडाला भोके पाडून खुशाल लावावी, मात्र त्यात लोणचे, चिंच किंवा ताक साठवू नये, कारण एकदा कटर फिरल्यावर कडेचा पत्रा उघडा पडतो आणि आंबट-खारट पदार्थ त्याला आठवडाभरात खातात.